आयर्लंडचा महादुष्काळ (१८४५–५२): नवं संशोधन आणि आकड्यांचे सापळे

दप्तरदार (धागालेखक)

या दुष्काळाबद्दल मराठीत जे काही फिरतं त्यात दोन वाक्यं हमखास असतात. एक, बटाट्यावर रोग पडला. दोन, इंग्रजांनी धान्य बाहेर नेलं. दोन्ही खरी आहेत, पण नुसत्या त्यांवर १० लाख मृत्यूंचा हिशेब लागत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कॉर्मॅक ओ ग्राडा, जोएल मोकिर, पीटर ग्रे यांच्यासारख्या इतिहासकारांनी मदतयंत्रणेचे आकडे, किमती आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचली. त्यातून पुढे आलेलं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. सरकारच्या बाजूने ते सौम्यही नाही.

चौकट अशी. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८१,७५,१२४, तर १८५१ मध्ये ६५,५२,३८५. पश्चिमेच्या कॉनॉट प्रांतात घट २८.८ टक्के, मन्स्टरमध्ये २२.५, अल्स्टर आणि लेन्स्टरमध्ये साधारण १५-१५. म्हणजे पश्चिम किनारा रिकामा झाला आणि पूर्वेला तुलनेने कमी झळ बसली.

मदतीचे तीन टप्पे लक्षात ठेवले की बाकीचं उलगडतं. पहिला पंतप्रधान पीलचा: नोव्हेंबर १८४५ मध्ये अमेरिकेतून १ लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला. दुसरा त्याच्यानंतरचा पंतप्रधान रसेलचा: १८४६-४७ च्या हिवाळ्यात सरकारी कामं. तिसरा १८४७ च्या वसंत-उन्हाळ्यातली सूपकेंद्रं. त्यानंतर सगळा भार स्थानिक पुअर लॉवर (गरिबांच्या मदतीचा कायदा), म्हणजे वर्कहाऊस (निराधारांना कामाच्या अटीवर ठेवणारी आश्रयगृहं) आणि स्थानिक करावर टाकला. सर्वांत जास्त माणसांपर्यंत पोचलेला टप्पा तिसरा (३ जुलै १८४७ ला ३० लाखांहून अधिक शिधा), आणि नेमका तोच सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद केला.

दुसऱ्या टप्प्याचा हिशेब मांडतो, कारण यंत्रणा फसली कशी हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. मार्च १८४७ च्या पहिल्या आठवड्यात कामांवर रोज सरासरी ७,१४,००० माणसं होती. रोज ८ ते १० पेन्स. मक्याचा घाऊक भाव फेब्रुवारीच्या मध्याला टनाला १९ पौंड. एका पौंडात २४० पेन्स आणि टनात २,२४० रत्तल (एक रत्तल साधारण ४५० ग्रॅम), म्हणजे रत्तलाला २ पेन्स. दहा पेन्स कमावणाऱ्याला घाऊक भावानेही पाच रत्तल मिळत नाहीत. किरकोळ दुकानदाराचा नफा धरा, पावसाने बुडालेले दिवस धरा, घरात सहा तोंडं धरा. आकडा बसतच नाही.

त्यात मजुरी मोजमापावर. जितकी खडी फोडाल, जितका चर खणाल तितके पैसे. उपाशी माणूस कमी काम करतो, म्हणून कमी कमावतो, म्हणून आणखी उपाशी राहतो. मोजणारे ओव्हरसियर अपुरे, चांदीची सुटी नाणी अपुरी, त्यामुळे पगार आठवडेच्या आठवडे थकलेले.

मग मार्चच्या अखेरीस भाव १३ पौंडांवर आला आणि ऑगस्टअखेर साडेसातवर, रत्तलाला पेन्सच्याही खाली. पण २० मार्चपासून कामांवरची माणसं २० टक्क्यांनी कमी करायचा हुकूम सुटला होता आणि सूपकेंद्रं सगळीकडे उभी नव्हती. मका स्वस्त झाला तेव्हा हातात मजुरी नव्हती.

---

करपा_नियंत्रण

रोगाची बाजू थोडक्यात. हा बुरशीसारखा दिसणारा पण खऱ्या बुरशीत न मोडणारा जीव, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, आपल्याकडे बटाटा-टोमॅटोवरचा उशिराचा करपा म्हणतात तोच. थंड, ढगाळ, ओली हवा मिळाली की पानावर डाग पडल्यापासून आठवड्याभरात शेत काळं पडतं. बीजाणू पावसाबरोबर मातीत उतरतात आणि खालचे कंदही सडतात. म्हणून काढणीच्या वेळी चांगला दिसलेला माल खड्ड्यात साठवल्यावर सडत गेला.

२०१३ मध्ये जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या वाळक्या पानांतून डीएनए काढून त्या प्रकाराची ओळख पटवली. त्याला हर्ब-१ म्हणतात. त्याआधी विसाव्या शतकात जगभर पसरलेला यूएस-१ हाच दोषी मानत. दोघे जवळचे आहेत, पण एकच नाहीत.

दप्तरदारांच्या लेखात एक दुवा राहिला: १८४७ ला रोग फारसा पडलाच नाही. एकरी उतारा चांगला होता. तरी दुष्काळ का? बियाणंच नव्हतं. बटाट्याचं बी म्हणजे बटाटाच आणि तो एकरी क्विंटलांनी लागतो. १८४६ च्या हिवाळ्यात लोकांनी बेणं खाल्लं. १८४५ ला अंदाजे २१ लाख एकर बटाटा होता, तो १८४७ ला ३ लाखांच्याही खाली गेला. त्या वर्षीचा निरोगी उतारा पाहून लोकांनी १८४८ ला पुन्हा लागण वाढवली आणि करपा परत आला.

---

गुणाकार

@दप्तरदार, एक प्रश्न. निर्यातीचं काय? 'सातवा हिस्सा' की काय म्हणतात ते कुठून येतं?

---

दप्तरदार

ऑस्टिन बर्क यांच्या तक्त्यांवरून. हा माणूस मुळात हवामानशास्त्रज्ञ, म्हणूनच बहुधा आकड्यांवर इतका संशयी. धान्य-निर्यात १८४५ ला ५.१३ लाख टन, १८४६ ला २.८४ लाख, १८४७ ला १.४६ लाख. आयात याच क्रमाने २८ हजार, १.९७ लाख, ८.८९ लाख टन. म्हणजे १८४७ मध्ये आयर्लंड धान्याचा मोठा निव्वळ आयातदार होता. बटाट्यात पाणीच जास्त, म्हणून साधारण चार टन बटाटे म्हणजे एक टन धान्य असं धरतात. दुष्काळाआधीचं पीक वर्षाला सव्वा कोटी टनांच्या पुढे, त्यातलं १८४६ ला बहुतांश गेलं. ती पोकळी निर्यात रोखून भरली असती तरी फार तर सातवा हिस्सा भरला असता.

पण हे वाक्य इथेच थांबवून सरकारला निर्दोष ठरवणं ही लबाडी आहे. वार्षिक बेरजेत महिने दिसत नाहीत. १८४६ च्या शरदात ओट बाहेर गेला आणि मक्याची जहाजं मुख्यतः १८४७ च्या सुरुवातीनंतर लागली. ती मधली पोकळी ऐन हिवाळ्यात पडली. तेवढ्यापुरती निर्यातबंदी केली असती तर सातवा हिस्सासुद्धा लाखभर जीव धरून ठेवू शकला असता, असं माझं मत.

---

अर्थशून्य

त्यात आणखी एक: वार्षिक धान्यतक्त्यात गुरं नाहीत. जिवंत गुरांची निर्यात चालू राहिली, उलट वाढली. डुकरांची मात्र कोसळली, कारण गरिबाचं डुक्कर बटाट्यावरच पोसलं जाई. 'निर्यात' हा एकच आकडा म्हणून वाचला की जमीनदाराची गाय आणि मजुराचं डुक्कर एका ओळीत येतात.

बंगाल १९४३ वरची अमर्त्य सेन यांची मांडणी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: माल तिकडे जातो जिथे विकत घेणारा आहे. फरक एवढा की आयर्लंडमध्ये १८४६ ला अन्नाचीही खरीखुरी तूट होती. सेनना इथे जसंच्या तसं चिकटवू नये.

---

नवखा_वाचक

सूपकेंद्रांचं एवढं कौतुक का? पाण्यासारखं सूप होतं असंही वाचलंय.

---

करपा_नियंत्रण

दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. डब्लिनला एप्रिल १८४७ मध्ये लंडनचा नामांकित आचारी अलेक्सिस सोयर याने नमुना स्वयंपाकघर उघडलं. त्याची गाजलेली कृती: दोन गॅलन (९ लिटर) पाण्याला पाव रत्तल गोमांस, २ औंस चरबी, २ कांदे, अर्धा रत्तल पीठ, अर्धा रत्तल जव, शिवाय थोडा भाजीपाला, मीठ आणि चिमूटभर साखर. आजच्या कोष्टकांनी बेरीज करा: पीठ ८०० कॅलरी, जव ८००, चरबी ५००, मांस २००, भाजीची किरकोळ. एकूण २,३०० च्या आसपास, आणि त्याचे आठ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे पाव गॅलन). म्हणजे एका वाढणीला ३०० कॅलरी. दुष्काळाआधी मजूर दिवसाला १२ ते १४ रत्तल, पाच-सहा किलो, बटाटे खात असे. चार हजारांच्या पुढे.

सरकारी शिधा मात्र बऱ्यापैकी वेगळा होता: एक रत्तल कोरडं पीठ, किंवा पीठ लावून दाट केलेलं एक क्वार्ट सूप आणि सोबत पाव. लहान मुलांना अर्धा. रत्तलभर मक्याचं पीठ म्हणजे १,६०० कॅलरी. जगवायला पुरतं, राबायला नाही, आणि इथे राबण्याची अटही नव्हती. कौतुक त्याचं आहे.

कोरडं पीठ हातात न देता शिजवून देण्याचा आग्रह होता, कारण कोरडं पीठ विकलं जातं अशी धास्ती. त्यामुळे रांगा आणि गर्दी. टायफस आणि उलटणारा ताप हे दोन्ही उवांमुळे पसरतात, त्यांना गर्दी हवीच असते.

मक्याचंही सोपं नव्हतं. अमेरिकेतून आलेला टणक दाण्याचा मका साध्या जात्यांना दाद देत नसे. भरड, अर्धकच्चा खाल्ला की हगवण लागे. आणि बटाट्यातून मिळणारं क जीवनसत्त्व मक्यात नाही. किल्केनीच्या वर्कहाऊसच्या आवारात २००५ मध्ये सामूहिक दफनं सापडली, ऑगस्ट १८४७ ते मार्च १८५१ मधली, किमान ९७० माणसं. हाडांवर स्कर्व्हीच्या खुणा मोठ्या प्रमाणात आहेत. दात-हाडांतल्या कार्बनच्या समस्थानिकांतून बटाट्यावरून मक्याकडे झालेला बदलही वाचता येतो, कारण मका सी-४ गटातला आणि बटाटा सी-३ (प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती, त्यांत कार्बनचं प्रमाण वेगळं उतरतं). कागद जळाले तिथे हाडं साक्ष देतात, असं म्हणायला हरकत नाही.

---

मोडीवाचक

कागद जळाले हे शब्दशः खरं. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं दप्तरखान्याचं भांडार यादवीत उडालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे घरवार तक्ते बहुतेक तिथे गेले. १८६१ आणि १८७१ चे त्याआधीच सरकारने नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. पूर्ण शिल्लक राहिलेले सर्वांत जुने १९०१ आणि १९११ चे. २०२२ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने आभासी दप्तरखाना खुला झाला. नकला, उतारे, इतर देशांतल्या प्रती जोडून जळालेलं भांडार पुन्हा रचतायत. कामाची चीज आहे, पण कोणी 'सगळं परत मिळालं' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मग मृत्यूंचा आकडा येतो कुठून? नागरी मृत्युनोंदणी तिथे १८६४ पासून, म्हणजे दुष्काळातल्या मृत्यूंची नोंदवहीच नाही. विल्यम वाइल्ड (ऑस्करचे वडील) यांनी १८५१ च्या जनगणनेत मागच्या दहा वर्षांत घरातलं कोण गेलं हे विचारून तक्ते केले. सापळा उघड आहे. जे घर पूर्ण संपलं किंवा जहाजात बसून गेलं त्याच्या वतीने उत्तर द्यायला कोणी नाही. तान्ही मुलं विसरली जातात. कारण म्हणून 'उपासमार' फक्त २१-२२ हजारांची लागते, बाकी ताप, हगवण वगैरे. तो आकडा एकटा उचलून 'उपासमारीने फार कमी मेले' म्हणणारे महाभाग आहेतच.

---

गुणाकार

वाइल्डचे तक्ते बाजूला ठेवून वजाबाकीने काढतात ना? १८४१ ची लोकसंख्या, त्यावर नेहमीची वाढ, त्यातून स्थलांतर वजा, मग १८५१ ची वजा.

---

मोडीवाचक

हो, आणि चारही पायऱ्यांवर घसरण आहे. वाढीचा दर १८४१ नंतर आधीच मंदावत होता, तो किती धरायचा? उत्तर अमेरिकेच्या जहाजांच्या याद्या बऱ्या, पण लिव्हरपूलच्या बोटीने गेलेल्यांची पक्की मोजदाद नाही. ते १८५१ च्या ब्रिटिश जनगणनेतल्या ७.२७ लाख आयरिश-जन्मींवरून उलटं काढावं लागतं आणि त्यात दुष्काळाआधी गेलेलेही आहेत. शिवाय न झालेले जन्म. मोकिर यांचा ११ ते १५ लाख हा पल्ला आणि बाकीच्यांचा १० लाख यांतला बराच फरक न झालेले जन्म मोजायचे की नाही इथला आहे. दोन लेखांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तपासा. दहातल्या नऊ भांडणांचं मूळ तिथे सापडतं.

---

सातबारा

जमिनीच्या आकड्यांत याहून वाईट सापळा आहे. जवळजवळ प्रत्येक जुन्या पाठ्यपुस्तकात असतं: १८४१ ला १ ते ५ एकरांची खाती ४५ टक्के, १८५१ ला १५ टक्के, म्हणून दुष्काळाने लहान शेतकरी पुसला. दिशा बरोबर, प्रमाण भलतंच. बर्क यांनी १९६५ मध्येच दाखवलं की १८४१ ला मोजणारे बहुधा आयरिश एकर लिहीत होते आणि पडीक जमीन वगळत होते, तर १८५१ ला कायदेशीर एकर आणि पडीकसह. आयरिश एकर १.६२ पट मोठा. चार आयरिश एकरांचं खातं १८५१ च्या पद्धतीने साडेसहा एकरांचं होतं, शेतकरी जागचा हलला नाही तरी वरच्या गटात जातो. हे तक्ते थेट जोडणारा लेख दिसला की पुढे वाचू नये.

ग्रिफिथ व्हॅल्युएशनबद्दलही. १८४७ ते १८६४ मध्ये छापलेली ही आकारणी टाउनलँडनुसार आहे (आपल्या मौज्याजवळचा सर्वांत लहान महसुली घटक, असे साठ हजारांवर). रकाने: नकाशा क्रमांक, कबजेदार, ज्याच्याकडून थेट जमीन घेतली तो, वर्णन, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये, जमिनीचं मूल्य, इमारतीचं मूल्य, एकूण. तीन चुका सतत होतात. 'थेट देणारा' म्हणजे जमीनदार समजणं, तो बऱ्याचदा मधला कूळमालक असतो. मूल्याला खंड समजणं, ते ठरावीक किंमतपटावरून काढलेलं करासाठीचं मूल्य आहे. १८८० मध्ये कुळांच्या लँड लीग या संघटनेने 'ग्रिफिथइतकाच खंड देऊ' म्हटलं, कारण तोवर प्रत्यक्ष खंड त्याच्या वर होता. आणि तिसरी, यातून दुष्काळाआधीचं गाव शोधणं. बहुतेक परगण्यांत ही यादी दुष्काळातून जिवंत राहिलेल्यांची आहे. आधीच्यासाठी १८२३ ते १८३८ च्या टाइद वह्या (चर्चच्या दशमांश कराच्या नोंदी) घ्या, पण त्यात शहरं नाहीत, भूमिहीन मजूर नाहीत, आणि एकर पुन्हा बहुतेक आयरिश.

---

अर्थशून्य

बेदखलीचंही इथेच. १८४७ च्या कायद्यात खासदार विल्यम ग्रेगरीने कलम घातलं: पाव एकराहून जास्त जमीन असलेल्याला सरकारी मदत नाही. दुसरीकडे ४ पौंड किंवा कमी मूल्याच्या खात्याचा पुअर लॉ कर कुळाने नाही, जमीनदाराने भरायचा. दोन्ही एकत्र वाचा. कुळाला जमीन सोडल्याशिवाय शिधा नाही, आणि जमीनदाराला बारीक कुळं हटवल्याशिवाय कर कमी होत नाही. क्रौर्य वेगळं शोधायची गरज नाही, तरतुदीच पुरेशा आहेत. पोलिसांनी बेदखली मोजायला सुरुवात केली १८४९ मध्ये. तिथपासून १८५४ पर्यंत कायमचे हुसकलेले सुमारे अडीच लाख. त्याआधीची सर्वांत वाईट दोन वर्षं या मोजणीत नाहीत.

---

चावडी

सगळं ठीक, पण ट्रेव्हेल्यनचं नाव अजून कसं नाही आलं? खरा खलनायक तोच ना?

---

दप्तरदार

नव्या लेखनात नेमकं तेच ढिलं झालंय. चार्ल्स ट्रेव्हेल्यन कोषागाराचा सहायक सचिव. पत्रव्यवहार त्याचा, म्हणून दप्तरात सगळीकडे तोच दिसतो. रॉबिन हेन्स यांनी २००४ मध्ये त्याचा बचाव मांडला. तो सगळा पटत नाही, पण पीटर ग्रे यांच्या कामानंतर हे नाकारता येत नाही की कात्री मंत्रिमंडळात होती, विशेषतः अर्थमंत्री चार्ल्स वुड याच्याकडे. स्पर्धा परीक्षावाल्यांनो, हाच तो १८५४ च्या वुडच्या खलित्यातला वुड, आणि १८५९ पासून भारतमंत्री. ट्रेव्हेल्यन आधी बंगालच्या नोकरीत होता, नंतर मद्रासचा गव्हर्नर. ग्रेगरी पुढे सिलोनचा गव्हर्नर. माणसं तीच, खाती बदलली.

पैशाची तुलना: लंडनच्या तिजोरीतून १८४५-५० मध्ये सुमारे ८० लाख पौंड, त्यातलाही बराच भाग कर्ज म्हणून. गुलामांच्या मालकांना १८३३ च्या कायद्याने भरपाई २ कोटी. १८४९ मध्ये पश्चिमेतल्या दिवाळखोर युनियन्ससाठी (पुअर लॉचे स्थानिक विभाग) पौंडामागे ६ पेन्स जादा कर बसवला, तो फक्त आयर्लंडमधल्या युनियन्सवर. एकच राज्य म्हणायचं तर यॉर्कशायरने का देऊ नये, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पुअर लॉचा मुख्य आयुक्त एडवर्ड ट्विसल्टन याच मुद्द्यावर राजीनामा देऊन मोकळा झाला.

---

चावडी

म्हणजे वंशसंहार नाही?

---

मोडीवाचक

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारातल्या व्याख्येत हेतू सिद्ध करावा लागतो. तसा कागद नाही, आणि जे सरकार ३० लाख शिधे वाटतं त्याच्यावर तो बसवणं अवघड. बहुतेक इतिहासकार नाही म्हणतात. पण आयरिश समाज 'सुधारण्याची' ही संधी आहे, असं मानून मदत आखडली, हे पत्रांत आहे. दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकतात. या फांदीवर दोनशे प्रतिसाद नकोत, कृपया.

---

सातबारा

महाराष्ट्राचा दुवा म्हणून एकच नोंद. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी एक रत्तल धान्य आणि एक आण्याच्या टेंपल मजुरीविरुद्ध (रिचर्ड टेंपलने ठरवलेली मजुरी) संप केला. वाद तोच: कमीत कमी किती दिलं की माणूस काम करत जगतो. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळ संहितेतल्या सवलती गावोगाव सांगितल्या, तर सरकारला त्यात आयरिश धर्तीची खंडबंदी (खंड न भरण्याची चळवळ) दिसली आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढली. आयर्लंडची धास्ती इथल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात होती, एवढंच यावरून म्हणता येतं.

---

नवखा_वाचक

एखाद्या टाउनलँडचे आधीचे-नंतरचे आकडे बघायचे असतील तर सुरुवात कुठून? घरवार तक्ते जळाले म्हणताय.

---

सातबारा

घरवार जळाले, छापील बेरजा शाबूत आहेत. १८५१ च्या जनगणनेचा पहिला भाग घ्या. परगणा, बॅरनी, पॅरिश, टाउनलँड या क्रमाने, आणि प्रत्येक टाउनलँडसमोर १८४१ व १८५१ ची लोकसंख्या आणि घरं शेजारी-शेजारी आहेत. आधी सर्वेक्षण नकाशावरचं अधिकृत स्पेलिंग काढा, एकाच परगण्यात एकाच नावाची चार टाउनलँड सर्रास सापडतात. मग क्षेत्र जुळतंय का पाहा. आणि ज्या टाउनलँडमध्ये वर्कहाऊस आहे ते हिशेबातून बाजूला काढा. १८५१ ला वर्कहाऊसमध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसं होती आणि ती तिथलीच म्हणून मोजली गेली. नाहीतर ऐन दुष्काळात गाव भरभराटीला आल्यासारखं दिसेल.